खपली कुठे संपते, नाणं कुठे सुरू होतं?

“नाणं वाचण्यासाठी असतं,” हौशी माणूस सुरुवातीलाच सांगून टाकतो. “त्यावर राजाचं नाव असतं, टांकसाळीची खूण असते, साल असतं. समुद्राने त्यावर वाळू, चुना आणि शिंपल्यांचा चुरा थापला की यातलं काहीच दिसत नाही. मी इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन फिरतो. हिवाळ्यातलं एखादं वादळ होऊन गेलं की वरची वाळू ओढली जाते आणि खालचा घट्ट थर उघडा पडतो. जड वस्तू खाली खाली जात त्या थरावर येऊन थांबलेल्या असतात. तिथे सिग्नल लागतो, खणलं की हातात येतो एक काळपट हिरवा गोळा. ती व्हिक्टोरिया राणीची पेनी असेल, एखाद्या बोटीचा खिळा असेल किंवा गेल्या उन्हाळ्यात कुणाच्या खिशातून पडलेलं नाणं असेल. साफ केल्याशिवाय कळणार कसं? आणि काय आहे तेच कळलं नाही, तर ती वस्तू जपून ठेवण्यात अर्थ काय?”

त्याच्यासमोर आहे ती मुंबईत जुन्या धातूच्या वस्तूंचं जतन करणारी. समुद्राने खाल्लेलं तांबं आणि चांदी हे तिचं रोजचं काम. ती म्हणते, “तुम्ही असं धरून चालला आहात की आत धडधाकट नाणं आहे आणि वर बाहेरून बसलेला मळ. वाळू, चुना, शिंपल्यांचा चुरा हा खरोखरच बाहेरचा, त्याबद्दल वाद नाही. पण त्याखालचा हिरवा, लाल, काळा थर बाहेरून आलेला नाही. तो नाण्याच्याच तांब्यापासून झालेला आहे. खाऱ्या पाण्यात धातू हळूहळू झिजत आत सरकतो आणि त्याच्या जागी ऑक्साइड, क्लोराइड, कार्बोनेट, चिखलात हवा नसेल तर सल्फाइड, असे थर तयार होतात. टांकसाळीत ठसा उमटला ती मूळ पातळी पुष्कळदा धातूत उरलेलीच नसते, ती या थरांमध्ये कुठेतरी असते. तुम्ही सगळे थर काढता आणि चकचकीत तांब्यापर्यंत पोचता, तेव्हा नाणं सापडलं असं तुम्हाला वाटतं. खरं तर तुम्ही नाण्याच्या पलीकडे निघून गेलेले असता.

“एक शिवराई घ्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. खाडीच्या तोंडाशी बरीच वर्षं पडून राहिलेली अशी शिवराई सूक्ष्मदर्शकाखाली धरली की आधी वाळूचे कण दिसतात, त्यांच्यामध्ये भरलेला पांढरा चुना आणि कडेला एखाद्या बार्नेकलच्या, म्हणजे दगडांना चिकटणाऱ्या कवचाच्या समुद्री जीवाच्या, बुडाची गोल चकती. सुईच्या टोकाने हा चुना कण कण उचलला की फिकट हिरवा, भुसभुशीत थर येतो. तोही जपून काढला की खाली लागतो घट्ट, तांबूस तपकिरी, किंचित चमक असलेला क्यूप्राइटचा, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडचा, थर, आणि त्यावर ‘त्र’चा तिरपा फाटा दिसतो. तिथे थांबायचं. त्याच्याही खाली गेलात तर गुलाबी, खड्डे पडलेलं, खडबडीत तांबं येतं, आणि त्या तांब्यावर ‘त्र’ नसतो.”

शिवराईचं उदाहरण तिने विचार करून घेतलं आहे. 1674 च्या राज्याभिषेकाशी जोडलं गेलेलं हे नाणं पुढे दीर्घकाळ, ठिकठिकाणच्या टांकसाळींत पडत राहिलं. त्यामुळे अक्षरांची वळणं बदलली, ‘श्री’ची मांडणी बदलली, ठिपके आणि रेघा आल्या-गेल्या. मराठ्यांच्या नाण्यांचे अभ्यासक एका शिवराईपासून दुसरी वेगळी काढतात ती याच बारीक खुणांवरून. एक फाटा खरवडला गेला तर नाणं शिल्लक राहतं, पण ते कोणत्या काळातलं हे सांगायचा आधार जातो.

हौशी माणूस हे ऐकून अडत नाही. “अशी शिवराई मिळाली तर मी तिला हात न लावता तुमच्याकडे आणून देईन. पण किनाऱ्यावर रोज मिळतं ते काय? 1992 पासूनची ब्रिटिश पेनी म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद. मुलामा एका जागी फुटला की आतलं पोलाद गंजतं आणि तो गंज आजूबाजूची वाळू धरून ठेवतो. 1947 नंतरची बहुतेक रुपेरी नाणी तांबं आणि निकेलची. ती काळी पडतात, लालसर होतात, एवढंच. आपल्याकडच्या किनाऱ्यावरही हेच चित्र असणार. षटकोनी तीन पैसे, वीस पैसे, कंगोऱ्यांचे दहा पैसे, बहुतेक सगळं अॅल्युमिनियम. 1990 च्या दशकापासूनचे रुपये स्टेनलेस स्टीलचे. यांचं काय जपायचं? कुठल्या वर्षी कुठल्या टांकसाळीत पडली याची सरकारी नोंद आहे. अशी नाणी मी साबणाच्या पाण्यात घालतो, ब्रशने घासतो, खड्यांबरोबर फिरत्या डब्यात टाकतो. धातू मात्र वेगवेगळे ठेवतो, कारण तांब्याची आणि रुपेरी नाणी एकत्र घातली तर रुपेरी नाणी तांबडी होऊन बाहेर येतात. यात मी कुणाचा इतिहास बुडवतो?”

“कुणाचाच नाही,” ती लगेच कबूल करते. “स्टीलचा रुपया घासा, अॅल्युमिनियमचे पैसे घासा. फक्त अॅल्युमिनियम सोड्याच्या पाण्यात घालू नका, अल्कली ते खाऊन टाकतं. पण तुमच्याच पहिल्या प्रश्नाकडे परत या. साफ केल्याशिवाय काय आहे ते कळत नाही, असं तुम्ही म्हणालात. मग हा गोळा घासण्याच्या डब्यात टाकायचा की माझ्याकडे आणायचा, हे तुम्ही कशावरून ठरवता? ओळख पटण्याआधीच तुम्ही इलाज सुरू केलेला असतो. खरं तर ओळखीसाठी सगळं नाणं उघडं करावं लागत नाही. चुंबक लावा, पोलाद असेल तर चिकटेल. व्यास मोजा, कड बघा, वजन करा. चढलेला थर धरूनही अंदाज येतो. व्हिक्टोरियापासून पहिल्या महायुद्धापर्यंतचा हिंदुस्थानी रुपया 11.66 ग्रॅमचा आहे, त्याच्या आसपासचं जड, चुंबकाला न चिकटणारं काही हातात आलं तर थांबायला एवढी खूण पुरे आहे. मोठ्या गोळ्याचा क्ष-किरण फोटो काढता येतो आणि न फोडता आत किती नाणी आहेत ते दिसतं.”

“क्ष-किरण!” हौशी माणसाचा स्वर इथे चढतो. “कुठे काढू? दवाखान्यात नाणं घेऊन जाऊ? तुमच्या प्रयोगशाळेत एका नाण्यावर आठवडा घालवण्याची चैन आहे. किनाऱ्यावर फिरणाऱ्या माणसाकडे स्वयंपाकघर आहे, मोबाइलचा जुना चार्जर आहे आणि लिंबू आहे. आपल्या घरांत देवाची तांब्याची भांडी कित्येक पिढ्या लिंबू आणि मीठ लावून, चिंचेच्या कोळाने घासून लख्ख केली जातात. भांड्याला चालतं ते नाण्याला का चालू नये?”

हा प्रश्न कुठल्याही मराठी घरात विचारला जाईल, म्हणून तिचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

“भांड्यावर अक्षर नसतं आणि भांडं जाड असतं,” ती म्हणते. “दर सणाला त्याचा एक पातळ थर आपण घालवतो आणि ते कुणाला जाणवत नाही. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मीठ. समुद्रातून आलेल्या तांब्याचा खरा शत्रू तेच आहे आणि तुम्ही ते पुन्हा चोळून लावता. लिंबाचं आम्ल हिरवा थर विरघळवतं, लाल थरालाही सोडत नाही. व्हिनेगर तसंच. कोलामधलं फॉस्फोरिक आम्ल तसंच. आता निम्म्या चांदीचं नाणं घ्या. आपल्या रुपयात 1940 पर्यंत जवळजवळ 92 टक्के चांदी होती, त्यानंतर ती 50 टक्क्यांवर आली आणि उरलेल्यात तांबं, निकेल, जस्त. ब्रिटिश शिलिंगचं तेच, 1920 पासून निम्मी चांदी. अशा मिश्रणातून समुद्र आधी तांबं ओढून घेतो. त्यावर आम्ल टाकलंत की उरलेलं तांबं सुटतं, विरघळलेलं तांबं पुन्हा चांदीवर बसतं आणि नाणं गुलाबी होतं. मग लोक म्हणतात, नाणं खोटं निघालं. नाणं खरंच होतं, भिजवण्यात चूक झाली.”

चार्जरबद्दल ती त्याहून कडक आहे. विजेने साफ करणं म्हणजे नाणं ऋण टोकाला जोडायचं, दुसऱ्या टोकाला एखादा धातूचा तुकडा लावायचा आणि मधल्या पाण्यातून प्रवाह सोडायचा. नाण्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि वरची खपली उचलून टाकतात. “पाण्यात मीठ टाकलंत तर दुसऱ्या टोकाला क्लोरीन वायू सुटतो. तो तुकडा म्हणजे स्टीलचा चमचा असेल तर त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं आणि ते पाणी तुम्ही मोरीत ओतता. हे तुमच्या तब्येतीचं झालं. नाण्याचं सांगायचं तर बुडबुडा चुन्यात आणि क्यूप्राइटमध्ये फरक करत नाही. ‘त्र’ ज्या थरावर उभा आहे तो थरही तो उचलतो.”

हौशी माणसाकडे यावर चांगलं उत्तर आहे आणि ते त्याने वाचून, अभ्यास करून मिळवलेलं आहे. “हीच वीज तुमच्या क्षेत्राने वापरली. बर्लिनच्या शाही संग्रहालयांनी 1888 मध्ये रसायन प्रयोगशाळा काढली, फ्रीडरिश राथगेन तिचा प्रमुख झाला. जतनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव घेतात. त्या काळात कांस्याच्या वस्तू वीज आणि रसायनं वापरून धातूपर्यंत सोलल्या गेल्या, आणि तीच पद्धत पुढे कित्येक संग्रहालयांनी उचलली. तेव्हा ते शास्त्र होतं. आज मी किनाऱ्यावरच्या पेनीला तेच केलं तर अडाणीपणा. आणि आजही समुद्रातल्या चांदीसाठी प्रयोगशाळा विजेचा उपयोग करतातच ना?”

ती हे नाकारत नाही. “करतात. चांदीचं क्लोराइड झालेलं असतं तेव्हा अगदी कमी, नियंत्रित व्होल्टेजवर ते क्लोराइड परत चांदीत बदलता येतं. थर निघून जात नाही, तो जागच्या जागी पुन्हा धातू होतो आणि अक्षर टिकतं. तुमच्या चार्जरला हे जमत नाही, कारण त्याला हळू जाणं माहीत नाही. राथगेनच्या पिढीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. त्या वेळी सोललेल्या वस्तू आज आमच्या कपाटांत आहेत, गुळगुळीत, एकसारख्या तपकिरी. त्यांच्यावर कापडाचा ठसा होता का, लाकडाचा तंतू होता का, त्या कशात गुंडाळल्या होत्या, हे आता कुणीच सांगू शकत नाही. म्हणूनच आम्ही थांबायला शिकलो. तुम्ही तो सगळा रस्ता पुन्हा पहिल्यापासून चालायची गरज नाही.”

इथवर ऐकणाऱ्याला वाटेल, निकाल लागला. हात लावू नये, एवढंच खरं. पण चर्चेतला सगळ्यात अवघड भाग इथेच सुरू होतो, आणि तो तिच्याच बोलण्यातून निघतो.

“मात्र हात न लावता ठेवून देणं म्हणजेच जपणं, असंही समजू नका,” ती म्हणते. “समुद्रातून आलेल्या तांब्याच्या आणि कांस्याच्या नाण्यात, धातूला लागून अगदी आतल्या थरात क्युप्रस क्लोराइड बसलेलं असतं. नाणं वाळूत दबलेलं असतं तोवर ते बहुधा गप्प राहतं. बाहेर आलं, हवा लागली, दमट हवेतलं पाणी मिळालं की त्याची क्रिया सुरू होते. त्यातून फिकट हिरवी भुकटी तयार होते आणि थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, पुन्हा आम्ल. कांस्याचा रोग म्हणतात तो हाच. दहा वर्षं कपाटात चांगलं दिसलेलं नाणं एका पावसाळ्यात ठिपक्याठिपक्याने फुटतं. हवेतली आर्द्रता 40 टक्क्यांच्या आसपास किंवा खाली ठेवली तर तो दबून राहतो. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात ती 80 टक्क्यांच्या वर असते.”

“म्हणजे साफ केलं तर अक्षर जातं आणि नाही केलं तर नाणंच जातं!”

“म्हणूनच तुम्ही आधी काय करता ते महत्त्वाचं. पहिलं काम खपली काढणं हे नाही, मीठ काढणं हे आहे. किनाऱ्यावरून आणलेलं तांब्याचं नाणं वाळू देऊ नका. वाळलं की क्षारांचे स्फटिक होतात आणि थर आतून उचलले जातात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये, बॅटरीत घालतात त्या पाण्यात, ठेवा आणि पाणी बदलत राहा. बाहेर पडलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरा गढूळपणा येतो तोवर मीठ निघतंय असं समजायचं. प्रयोगशाळेत धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा यांचं सौम्य मिश्रणही वापरतात. पण त्यातही थोडं तांबं उतरतं, पाणी निळसर होतं, म्हणून त्यावर लक्ष ठेवावं लागतं. याला महिने लागतात, कधी वर्षही. त्यानंतर वाळवणं, बेंझोट्रायझोलचा संरक्षक थर देणं, त्यावर अॅक्रिलिक लॅकर. बेंझोट्रायझोल घरी हाताळू नये, तब्येतीला ते चांगलं नाही. पण पाणी बदलत राहणं कुणालाही जमतं.”

महिने, वर्ष, रोजचं पाणी. हौशी माणसाच्या छंदाचा सगळा आनंद ज्या क्षणात आहे, गोळा फुटतो आणि आतून राणीचा चेहरा दिसतो तो क्षण, नेमका तोच यात पुढे ढकलला जातो. त्याला हे झोंबतं आणि तो विषय बदलत नाही, उलट अधिक खोलात नेतो.

“बरं, मीठ काढलं. पण मला एक सांगा, किनाऱ्यावरच्या नाण्यात जपण्यासारखी माहिती उरते तरी कुठे? जमिनीत पुरलेल्या हंड्याचं मी समजू शकतो. कोणत्या थरात होता, शेजारी कोणती खापरं होती, याला अर्थ आहे. लाटा मात्र नाणं इकडून तिकडे नेत असतात. आज इथे, पुढच्या वादळात शंभर पावलं पलीकडे. ज्याला थरच नाही त्याच्याभोवती संदर्भाचं सोवळं कशाला? त्या नाण्यावर एकच माहिती असते, तोंडावरची आणि पाठीवरची. ती वाचण्यासाठीच तर मी ते घासतो.”

“हा तुमचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे,” ती म्हणते, “आणि तो माझ्याच बाजूने जातो. आजूबाजूचं सगळं गेलेलं असेल तर पृष्ठभाग हीच एकमेव नोंद उरते. एकमेव असेल तर ती जास्तच जपायला हवी. शिवाय किनाऱ्यावर संदर्भ नसतोच असं नाही. एकाच भागात वर्षानुवर्षं एकाच प्रकारची नाणी मिळत असतील तर समुद्रात जवळच काही बुडालेलं आहे, असा अंदाज बांधता येतो. त्यासाठी प्रत्येक वेळी कुठे, कधी मिळालं ते लिहून ठेवावं लागतं. आणि कधी कधी संदर्भ त्या खपलीतच असतो. 1961 मध्ये श्रीलंकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळ ग्रेट बासेस खडकांपाशी पाणबुड्यांना एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष सापडले. लेखक आर्थर सी. क्लार्क याने पुढे 1964 मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. तिथे मिळाले औरंगजेबाच्या नावाचे, सुरत टांकसाळीचे चांदीचे रुपये, हिजरी 1113 चे, म्हणजे 1701-02 चे. ते सुटे नव्हते. सुमारे हजार-हजार रुपयांचे गोळे होते, पिशवीच्याच आकारात घट्ट बसलेले. पिशवी कुजून गेली, पण तिचा आकार क्षारांनी धरून ठेवला. बाहेरचे रुपये समुद्राने खाल्ले आणि आतले त्यांच्याच आडोशाने चांगले राहिले. तो गोळा फोडला तर हातात रुपये येतात. न फोडता ठेवला तर एका व्यापाऱ्याने पैसे मोजून, बांधून जहाजावर कसे चढवले ते समोर राहतं.”

“आणि फोडला नसता तर ते सुरतचे आहेत, कोणत्या सालचे आहेत, हे तुम्हाला कोणी सांगितलं असतं?” हौशी माणूस विचारतो. “कुणीतरी काही रुपये सुटे केले, साफ केले, वाचले, तेव्हाच हिजरी 1113 कळलं. एक गोळा तसाच ठेवायचा तर बाकीच्यांतले काही उघडावेच लागतात.”

ती गप्प राहते. या मुद्द्याला तिच्याकडे उत्तर नाही आणि ती ते लपवतही नाही. नमुना किती मोठा घ्यायचा, कोणता गोळा उघडायचा आणि कोणता भावी पिढीच्या उपकरणांसाठी ठेवायचा, हे तिच्या क्षेत्रातही प्रत्येक वेळी नव्याने ठरवलं जातं.

तो पुढे जातो. “मोठ्यांनी काय केलं तेही बघा. ईस्ट इंडिया कंपनीचं ‘अॅडमिरल गार्डनर’ हे जहाज 1809 च्या जानेवारीत इंग्लंडच्या गुडविन सँड्स या वाळूच्या दांड्यावर फुटलं. त्यात बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत 1808 मध्ये पाडलेली तांब्याची ‘कॅश’ नाणी होती, मद्रासला जायची. 1980 च्या दशकात ती काढली, दहा लाखांच्या घरात. पिंपांत घट्ट राहिलेली नव्यासारखी निघाली, सुटी पडलेली खड्डे पडलेली. साफ करून जगभर विकली. आज ती कुणाच्याही संग्रहात असू शकतात. माझ्यासारख्या माणसाला मद्रासच्या चलनाचा इतिहास पहिल्यांदा हातात धरता आला तो त्यामुळेच.

“आणि ‘सिटी ऑफ कैरो’ हे जहाज? 1942 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून निघालं, नोव्हेंबरमध्ये सेंट हेलेनाच्या दक्षिणेला जर्मन पाणबुडीने बुडवलं. त्यावर सुमारे 100 टन चांदीचे रुपये होते, ब्रिटिश खजिन्याचे. 2013 पर्यंत ते पाच किलोमीटरहून जास्त खोलीवरून काढले आणि वितळवून चांदी म्हणून विकून टाकले. शंभर टन रुपये, आपल्या टांकसाळींत पडलेले, वितळवले. तुम्ही मला एका पेनीबद्दल बोल लावता, आणि त्या भट्टीबद्दल फार कुणी बोललं नाही.”

“मी बोलते,” ती म्हणते, आणि तिच्या आवाजात राग आहे. “तिथे तर खपली आणि नाणं हा भेदच उरला नाही. युद्धकाळात मुंबई बंदरातून किती आणि कोणते रुपये बाहेर गेले, 1940 आधीच्या चांगल्या चांदीचे किती आणि नंतरचे किती, कोणत्या टांकसाळीचे, हे त्या नाण्यांत लिहिलेलं होतं. ते कोणी मोजून नोंदवण्याआधी भट्टीत गेलं असेल तर ते नुकसान तुमच्या लिंबाच्या हजारपट आहे. पण मोठ्याने केलेली मोडतोड छोट्याला सूट देत नाही.”

रागाच्या या टप्प्यावर दोघांचं एकमत आहे, आणि लेखकाचंही. वितळलेल्या नाण्याबद्दल पुढे कुठलीच चर्चा होऊ शकत नाही.

मग नियमांचा विषय निघतो, थोडक्यात. इंग्लंडमध्ये 1996 च्या कायद्यानुसार 300 वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र मिळाली तर 14 दिवसांत कळवावं लागतं. जहाजाच्या अवशेषांतलं काही मिळालं तर 28 दिवसांत. त्याखेरीज स्वेच्छेने नोंद करण्याची यंत्रणा 1997 पासून आहे आणि तिच्याकडे 15 लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्या आहेत, बहुतेक हौशी लोकांनी आणलेल्या. भारतात 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेलं, 10 रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. 1972 च्या कायद्याने 100 वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा, वसई यांसारख्या संरक्षित किल्ल्यांच्या हद्दीत खणणं तर गुन्हाच.

“म्हणूनच कोकणातला माणूस सापडलेलं नाणं कुणाला दाखवत नाही,” हौशी माणूस म्हणतो. “नोंद करणारी यंत्रणा नाही आणि भीती आहे, मग तो ते लिंबाने घासून बाजारात विकतो किंवा देव्हाऱ्यात ठेवतो. इंग्लंडमध्ये मी निर्धास्तपणे नोंद करतो, कारण मला कुणी चोर समजत नाही. लोकांना सोबत घेतलंत तर लिंबू आपोआप सुटेल.”

“यात तुमचं बरोबर आहे,” ती म्हणते. “नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे. मुंबईत संग्रहालयांच्या जतन कार्यशाळा आहेत. पण किनाऱ्यावरच्या कोळ्याला, आंब्याच्या बागेत खड्डा खणणाऱ्याला, पर्यटकाला हे दार ठोठावावंसं वाटेल असं आम्ही काही केलेलं नाही. ते आमचं काम आहे. तरीही प्रत्येक नाणं आमच्याकडे आलं तर आम्ही ती सगळी बघू शकणार नाही, हेही खरं. कोणती बघायची, कोणती लोकांच्या हाती सोडायची, आणि लोकांच्या हाती सोडलेल्या नाण्यांवर कुठपर्यंत काम करायला सांगायचं, याची रेषा मला आखता येत नाही. क्यूप्राइटच्या थरावर थांबा असं मी म्हणते, पण तो थर ओळखायला नजर तयार व्हावी लागते, आणि नजर नाणी हाताळल्याशिवाय तयार होत नाही.”

“म्हणजे आधी काही नाणी बिघडवावी लागतील.”

“स्टीलचे रुपये बिघडवा. त्यांच्यावर हात बसवा.”

“स्टीलवर क्यूप्राइट नसतो,” तो म्हणतो, आणि यावर तिच्याकडेही उत्तर नाही.

या दोघांचा वाद इथे मिटत नाही, पण दोघेही एका गोष्टीवर आले आहेत आणि ती वाचकांना आजच करता येईल. घरात समुद्रकिनाऱ्यावर मिळालेलं तांब्याचं किंवा कांस्याचं जुनं नाणं असेल तर ते घासायला घेऊ नका. भिंगातून बघा. फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके दिसले तर ते हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, पुड्या दर पावसाळ्यात बदला. ते कुठे, कोणत्या वर्षी, कुणाला मिळालं ते एका कागदावर लिहून त्याच डब्यात ठेवा. नाणं 100 वर्षांहून जुनं वाटलं तर जवळच्या संग्रहालयात किंवा पुरातत्त्व खात्यात दाखवा, आणि दाखवेपर्यंत लिंबू, चिंच, मीठ त्यापासून लांब असू द्या.